मुक्तस्रोत आज्ञावलींचे परवाने : वापर आणि वितरण

१. 'मोफत' आणि 'मुक्त'

इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द द्व्यर्थी आहे. एका अर्थी तो मूल्याचा अभाव सांगतो, दुसऱ्या अर्थी बंधनाचा अभाव सांगतो. संगणकाच्या आज्ञावलींविषयी गेल्या चाळीस वर्षांत जी चर्चा झाली, तिच्यातील पुष्कळसा गोंधळ या एका शब्दाच्या द्व्यर्थतेतून उत्पन्न झालेला आहे. वस्तुतः मराठीला हा गोंधळ होण्याचे कारण नव्हते. फारसीतून आलेला 'मोफत' आणि संस्कृतातून आलेला 'मुक्त' असे दोन स्वतंत्र शब्द मराठीपाशी आहेत, आणि त्यांची क्षेत्रे एकमेकांत मिसळत नाहीत. तथापि इंग्रजीतील समजूत जशीच्या तशी उचलल्यामुळे 'मुक्तस्रोत म्हणजे फुकट मिळणारे, आणि फुकट मिळणारे म्हणजे कसेही वापरता येणारे' असे समीकरण आपल्याकडील अभ्यासकांतही रूढ झालेले दिसते. या समीकरणाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

मूळ विचार रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविणे, तिची रचना अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती दुसऱ्यास देणे आणि आपण बदललेल्या प्रतीही दुसऱ्यास देणे, ही चार स्वातंत्र्ये त्यांनी मुक्ततेची लक्षणे म्हणून सांगितली. या चौघांत किंमतीचा उल्लेख कोठेही नाही. पुढे १९९८ साली 'ओपन सोर्स' ही संज्ञा पुढे आली आणि त्याच वर्षी 'ओपन सोर्स इनिशिएटिव्ह' ही संस्था निघाली. 'डेबियन' प्रकल्पाने १९९७ साली केलेल्या नियमांच्या आधारे या संस्थेने दहा कलमांची व्याख्या सिद्ध केली. 'फ्री' शब्दाचा घोटाळा टाळणे हा नव्या संज्ञेचा एक हेतू होता. दोन्ही संज्ञांमागील भूमिका भिन्न आहेत; परंतु त्यांच्या कक्षेत येणारे परवाने बहुतांशी एकच आहेत. प्रस्तुत लेखात त्या परवान्यांनी कोणती मोकळीक मिळते आणि ती कोणत्या अटींवर मिळते, याचा विचार करावयाचा आहे.

२. परवान्याची गरज का पडते

आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने एक वाङ्मयकृती आहे, हे भाषेच्या अभ्यासकास कदाचित नवलाचे वाटेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली 'वाङ्मयकृती' या संज्ञेत समाविष्ट करण्यात आली. कादंबरी, कोश आणि आज्ञावली यांना एकाच प्रकारचे संरक्षण मिळते. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. हे संरक्षण मागावे लागत नाही. संहिता लिहिली जाताच ते आपोआप लाभते. नोंदणी केलेली नसली, हक्काचे चिन्ह घातलेले नसले, तरीही ते असतेच.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एखाद्या संशोधकाने आपली आज्ञावली मूळ संहितेसह सर्वांसमोर ठेवली, परंतु तिच्यासोबत परवाना ठेवला नाही, तर ती मुक्त होत नाही. ती केवळ दिसते. तिच्या प्रती काढून वाटण्याचा किंवा तीत बदल करून ती प्रसिद्ध करण्याचा हक्क इतरांना प्राप्त होत नाही. कायदेशीर रीतीने प्रत मिळालेल्या माणसास ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामापुरती वापरण्याची आणि सुरक्षेखातर एखादी जादा प्रत ठेवण्याची सवलत भारतीय कायदा देतो, पण वितरणाचा हक्क देत नाही. मौन म्हणजे संमती हा व्यवहारातील न्याय येथे लागू पडत नाही. येथे मौनाचा अर्थ नकार असा आहे.

परवाना म्हणजे हा नकार मागे घेणारी अनुमती होय. ती देणारा आपला हक्क सोडून देत नाही. तो मालक राहतोच. घर विकणे आणि घरात राहू देणे यांत जो भेद, तोच हक्काचे हस्तांतरण आणि परवाना यांत आहे. म्हणूनच मालकास एकच कृती एकाला मुक्त परवान्याने आणि दुसऱ्याला मोबदला घेऊन वेगळ्या परवान्याने देता येते.

३. सर्व मुक्त परवान्यांत समान असलेला भाग

मुक्तस्रोत म्हणून मान्यता पावलेले परवाने अनेक असले, तरी काही मोकळीक त्या सर्वांत समान आहे. पहिली गोष्ट वापराची. वापराच्या हेतूवर कोणतेही बंधन घालता येत नाही. 'केवळ शैक्षणिक उपयोगासाठी' किंवा 'व्यापारी उपयोग वगळून' अशी अट ज्या परवान्यात असेल, तो परवाना कितीही उदार वाटला तरी या व्याख्येत बसत नाही. व्यक्ती, गट किंवा कार्यक्षेत्र यांवरून भेद करता येत नाही, असे व्याख्येतील दोन कलमे स्पष्ट सांगतात. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या परवान्यांपैकी ज्यांत व्यापारी वापरास मनाई आहे ते याच कारणाने मुक्तस्रोत ठरत नाहीत.

दुसरी गोष्ट विक्रीची. मुक्त आज्ञावली विकता येते. तिची प्रत देताना हवी ती किंमत घेण्यास जीपीएल या सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या परवान्याचीही हरकत नाही. मात्र जो ती विकत घेतो, त्यालाही ती पुढे वाटण्याचा, फुकट वाटण्याचासुद्धा, तितकाच हक्क मिळतो. त्यामुळे किंमत प्रतीची न राहता सेवेची, दुरुस्तीची किंवा श्रमाची राहते.

तिसरी गोष्ट हमीची. जवळजवळ प्रत्येक परवान्यात आज्ञावली 'आहे तशी' दिली आहे आणि तिच्या दोषांची जबाबदारी कर्त्यावर नाही, असे कलम असते. चौथी गोष्ट नावाची. आज्ञावलीचा परवाना मिळाला म्हणजे तिचे व्यापारचिन्ह वापरण्याचाही परवाना मिळाला, असे नव्हे. संहिता घेता येते; तिच्यावर असलेली नावाची मोहर घेता येतेच असे नाही.

४. वापर आणि वितरण यांतील सीमारेषा

परवान्यांतील बहुतेक बंधने वापराला चिकटलेली नसून वितरणाला चिकटलेली आहेत. हा भेद ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ अभ्यासक नसत्या भीतीने उत्तम साधने टाळतात, आणि काही जण नसत्या निर्धास्तपणाने अटी मोडतात.

भाषाविज्ञानाच्या विभागांत सर्वत्र परिचित असलेले उदाहरण घ्यावे. ध्वनींच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी 'प्राट' ही आज्ञावली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी सिद्ध केली असून ती जीपीएल या परवान्याखाली उपलब्ध आहे. मराठीतील स्वरांची दीर्घता मोजणारी एखादी संशोधिका ती कितीही संगणकांवर चालवू शकते. तिने काढलेली मोजमापे, आलेख आणि प्रबंध हे तिचे स्वतःचे आहेत. साधनाचा परवाना त्यांना लागू होत नाही. सुताराच्या करवतीचा परवाना त्याने केलेल्या पाटाला लागत नाही, तसेच हे. त्याहीपुढे जाऊन तिने प्राटच्या मूळ संहितेत आपल्या कामापुरता बदल केला आणि ती बदललेली प्रत स्वतःपाशीच ठेवली, तरीही तो बदल कोणाला दाखविण्याचे बंधन तिच्यावर येत नाही.

बंधन उत्पन्न होते ते ती प्रत दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा. बदललेली प्रत तिने दुसऱ्या विद्यापीठातील सहाध्यायास दिली किंवा सर्वांना उतरवून घेण्यास मोकळी ठेवली, की ते वितरण झाले. मग त्या प्रतीसोबत बदललेली मूळ संहिता मिळण्याची सोय हवी, परवान्याची प्रत हवी, बदल केल्याची नोंद हवी, आणि घेणाऱ्यालाही तेच सर्व हक्क द्यावयास हवेत. संहिता सर्व जगाला जाहीर करावी असे परवाना म्हणत नाही. ज्याच्या हाती चालती प्रत दिली, त्याला संहिताही मिळाली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या सीमारेषेत एक पळवाट होती. आज्ञावली आपल्याच यंत्रावर ठेवून तिची सेवा तेवढी जालावरून लोकांना दिली, तर प्रत कोणाच्याच हाती जात नाही. म्हणून वितरणही होत नाही. ही वाट बंद करण्यासाठी एजीपीएल हा परवाना आहे. त्याची तिसरी आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध झाली. बदललेली आज्ञावली जालावरून वापरणाऱ्यांनाही मूळ संहिता मिळाली पाहिजे, असे त्यातील कलम आहे. एखाद्या विभागाने अशा परवान्याखालील शब्दशोधक बदलून आपल्या संकेतस्थळावर चालविला, तर हे कलम त्यास लागू होते.

५. परवान्यांची कुळे

मुक्त परवान्यांची स्थूलमानाने दोन कुळे पडतात. पहिल्या कुळास 'अनुज्ञाप्रधान' म्हणता येईल. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे त्यातील प्रमुख परवाने. एमआयटी परवाना अवघ्या दोन-तीन परिच्छेदांचा आहे. मूळ कर्त्याची हक्कनोंद आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत ठेवा, एवढीच त्याची अट. ती पाळून ही संहिता बंदिस्त, विक्रीच्या आज्ञावलीतही घालता येते. बीएसडीच्या जुन्या रूपात जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करण्याची अट होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती १९९९ साली काढून टाकली. २००४ सालच्या अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पेटंटविषयी स्पष्ट अनुमती आहे, आणि जो त्या संहितेविरुद्ध पेटंटचा दावा लावील त्याला मिळालेली पेटंटविषयक अनुमती संपेल, अशी तरतूदही आहे. भाषिक प्रक्रियेसाठी वापरला जाणारा 'एनएलटीके' हा संच आणि मराठीसह अनेक भाषांतील मुद्रित अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' ही आज्ञावली याच परवान्याखाली आहेत.

दुसऱ्या कुळास इंग्रजीत 'कॉपीलेफ्ट' म्हणतात. 'कॉपीराइट'मधील 'राइट' म्हणजे हक्क आणि 'राइट' म्हणजे उजवा, या श्लेषावर ते नाव उभे आहे. मराठीत हक्काला उजवेपणाची छटा नसल्याने श्लेष उतरत नाही; आशयाकडे पाहता 'पारस्परिक परवाने' हे नाव अन्वर्थक ठरेल. जे स्वातंत्र्य घेतले तेच पुढच्याला द्यावे, हे त्यांचे सूत्र. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९, दुसरी १९९१ आणि तिसरी २००७ सालची आहे. लिनस टोरवाल्ड्स यांची 'लिनक्स' ही गाभ्याची आज्ञावली प्रथम व्यापारी वितरणास मनाई करणाऱ्या अटीखाली होती. १९९२ साली ती जीपीएलखाली आली, आणि त्यानंतर तिचा जो प्रसार झाला तो सर्वश्रुत आहे.

दोन कुळांच्या मध्ये काही परवाने आहेत. एलजीपीएलमधील संग्रह बंदिस्त आज्ञावलीशी जोडता येतो, परंतु त्या संग्रहात केलेले बदल मुक्त ठेवावे लागतात. मोझिला परवाना हेच बंधन धारिकेपुरते मर्यादित करतो : बदललेली धारिका मुक्त, तिच्या शेजारची आपली धारिका आपल्या इच्छेप्रमाणे.

दोन परवान्यांखालील संहिता एकत्र करताना त्यांच्या अटी परस्परांशी जुळतात की नाही, हे पाहावे लागते. अपाचीखालील संहिता जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखालील प्रकल्पात घेता येते. पण केवळ दुसऱ्या आवृत्तीपुरत्या बांधलेल्या प्रकल्पात घेता येत नाही, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे. उलट जीपीएलमधील संहिता अपाचीच्या प्रकल्पात घातली, तर संपूर्ण संयुक्त कृतीचे वितरण जीपीएलच्या अटींनीच करावे लागते. हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो.

६. अटीची भाषा

या परवान्यांना न्यायालयात बळ आहे काय, अशी शंका बराच काळ घेतली जात होती. जर्मनीत म्यूनिच येथील न्यायालयाने २००४ साली जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या. अमेरिकेतील २००८ सालचा 'जेकबसन विरुद्ध कॅट्झर' हा निर्णय भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देण्याजोगा आहे. खेळण्यातील आगगाड्यांचे नियंत्रण करणारी एक मुक्त आज्ञावली होती. तिच्यातील काही धारिका प्रतिवादीने कर्त्यांची नावे व हक्कनोंदी न ठेवता आपल्या विक्रीच्या आज्ञावलीत घेतल्या, असा वाद होता. प्रश्न असा उपस्थित झाला, की नावे ठेवण्याचे कलम ही अनुमतीची 'अट' आहे की केवळ एक स्वतंत्र 'वचन' आहे? वचन मोडले तर कराराचा भंग होतो, पण अनुमती शिल्लक राहते. अट मोडली तर अनुमतीच उरत नाही, आणि कृत्य कॉपीराइटचे उल्लंघन ठरते. खालच्या न्यायालयाने पहिला पक्ष स्वीकारला. अपील न्यायालयाने तो फिरविला, आणि तसे करताना परवान्यातील 'या अटीवर की' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगावर भर दिला. एका उभयान्वयी शब्दसमूहाने संपूर्ण दस्तऐवजाचे स्वरूप ठरविले. मोबदला पैशात नसला तरी नामनिर्देश आणि बदलांची नोंद यांतही कर्त्याचे हित असते, हेही त्या निर्णयाने मान्य केले.

याच कारणाने परवान्याच्या भाषांतराचा प्रश्न नाजूक ठरतो. जीपीएलचे अन्य भाषांतील अनुवाद अनधिकृत म्हणून प्रसिद्ध करता येतात. परंतु कायद्याने लागू होतो तो इंग्रजी पाठच. मराठीत 'अट', 'शर्त', 'बंधन' आणि 'कर्तव्य' हे शब्द सैलपणे एकमेकांऐवजी वापरले जातात. न्यायालय ज्या भेदावर निर्णय देते, तो भेद अशा अनुवादात हरवू शकतो. समजण्यासाठी मराठी अनुवाद अवश्य व्हावेत. आज्ञावलीसोबत मात्र मूळ पाठ ठेवणेच श्रेयस्कर.

७. टंक, कोश आणि संशोधकाचे कर्तव्य

मराठीच्या अभ्यासकाशी निकट संबंध येतो तो टंकांचा. 'एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स'ची १.१ ही आवृत्ती २००७ सालची आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा 'शोभिका' हे देवनागरी टंक याच परवान्याखाली आहेत. या परवान्याने टंक वापरता, बदलता व वाटता येतो. तो एकटा विकता येत नाही, आज्ञावलीसोबत मात्र विकता येतो. कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास बदललेल्या टंकास ते नाव देता येत नाही. त्या टंकात छापलेल्या ग्रंथावर परवान्याचा कोणताही भार पडत नाही. एखाद्या बोलीतील ध्वनीसाठी नवे चिन्ह हवे असल्यास संशोधकाने ते टंकात घालून, नव्या नावाने, सर्वांना द्यावे, यास परवान्याची अनुमती आहे.

कोश, शब्दजाल आणि संहितासंग्रह यांचा विचार वेगळा करावा लागतो. आज्ञावली मुक्त असली म्हणून तिच्यासोबतची सामग्री मुक्त असतेच असे नाही. सामग्रीसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने योग्य. आज्ञावलीसाठी ते वापरू नयेत, असा त्या संस्थेचाच सल्ला आहे. विभागाने दोन्ही एकत्र प्रसिद्ध करताना दोन परवाने स्वतंत्रपणे लिहावेत.

परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हेही आधी ठरले पाहिजे. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा प्रथम मालक, उलट करार नसल्यास, नियोक्ता असतो, असे भारतीय कायदा सांगतो. त्यामुळे अध्यापकाने आपल्या विद्यापीठाचा नियम पाहिल्यावाचून परवाना देऊ नये. विद्यार्थी हा नोकर नव्हे. त्याच्या प्रबंधासाठी लिहिलेली संहिता सामान्यतः त्याची असते, आणि तिच्यावर विभागाला हक्क सांगायचा असेल तर त्याची लेखी संमती हवी. अनेकांनी मिळून लिहिलेल्या आज्ञावलीचा परवाना बदलण्यास सर्व सहलेखकांची संमती लागते. एकदा मुक्त परवान्याने प्रसिद्ध झालेली आवृत्ती मात्र अटी पाळणाऱ्यांच्या हाती मुक्तच राहते. 'इलॅस्टिकसर्च'च्या मालकांनी २०२१ साली परवाना बदलला, तेव्हा इतरांनी आधीच्या मुक्त आवृत्तीवरून 'ओपनसर्च' ही स्वतंत्र शाखा काढली, ती याच आधारावर.

मराठीसाठी काम करणारी भाषिक साधने थोडी आहेत आणि ती घडविणारे हातही थोडे आहेत. शब्दरूपांचे पृथक्करण करणारी आज्ञावली एखादा संशोधक तीन-चार वर्षे खपून तयार करतो. प्रबंध मान्य होतो. तो दुसरीकडे जातो. संहिता कोठेतरी परवान्यावाचून पडून राहते. पुढच्या अभ्यासकास ती दिसते, पण कायद्याने तिला हात लावता येत नाही, आणि मालकास विचारावे तर त्याचा पत्ता लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हीच स्थिती राहणार. आज्ञावलीचे आयुष्य त्याच्या दशांशही नसते. म्हणजे ती जिवंत असेपर्यंत कुलूपबंद, आणि कुलूप निघेपर्यंत निरुपयोगी. हे टाळण्यास एका लहानशा धारिकेत परवान्याचा मजकूर, वर्ष आणि मालकाचे नाव एवढे घालणे पुरेसे आहे. आपले श्रम बंदिस्त आज्ञावलीतही गेले तरी चालतील असे वाटत असल्यास अनुज्ञाप्रधान परवाना निवडावा; ते पुढेही सर्वांसाठी खुले राहावेत असे वाटत असल्यास पारस्परिक परवाना निवडावा. दोहोंपैकी कोणताही निवडला तरी पुढच्या माणसास काम शून्यातून आरंभावे लागत नाही. न निवडणे हाच काय तो खरा तोटा होय.